निकेल फोमची शीट: हायड्रोजनच्या प्रयोगांसाठी घ्यावी का?

घ्यावी. उत्तर आधीच देते, कारण हा प्रश्न विचारणारे बहुतेक जण बीएस्सी-एमएस्सीच्या प्रकल्पावर असतात आणि त्यांच्याकडे वेळ थोडा असतो. मी मुंबईतल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. पाण्यात वीज सोडून हायड्रोजन काढायला परवडणारा उत्प्रेरक कसा बनवायचा, हा विषय आमच्या शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींनी प्रकल्पासाठी निवडला, आणि त्यासाठी आम्ही ही शीट आणली. तिचे तुकडे कापून, ॲसिडात धुऊन, लोखंडाच्या क्षारात बुडवून, कॉस्टिक पोटॅशमध्ये (म्हणजे पोटॅशिअम हायड्रॉक्साइडमध्ये) दिवसचे दिवस चालवून जे दिसलं ते लिहिते आहे.

आधी वस्तू काय आहे ते. प्रिन्सेस स्ट्रीटला लॅबच्या काचसामानाची आणि रसायनांची दुकानं आहेत, तिथे हल्ली निकेल फोम मागितला की लगेच कळतं. आम्ही घेतलेली शीट २० बाय ३० सेंटिमीटरची, दीड मिलिमीटरच्या आसपास जाडीची, राखाडी, मऊ, कात्रीने कापता येईल अशी. दर इंचाला ११० छिद्रं, म्हणजे दुकानाच्या भाषेत ‘११० पीपीआय’. आमच्या पावतीवर २,४०० रुपये आणि वर जीएसटी. अर्धी शीट देत नाहीत. पीपीआय आणि जाडी हे दोन आकडे स्पष्ट सांगून मागा, नाहीतर जे शिल्लक असेल ते हातात पडतं.

ही शीट बनते कशी ते मुलांना सांगितलं की त्यांना तिची किंमत कळते. पॉलियुरेथेनचा साधा फोम घेतात, गादीत असतो त्याच जातीचा. तो वीजवाहक करतात, त्यावर निकेलचा मुलामा चढवतात, मग आतला फोम जाळून टाकतात आणि उरलेला निकेलचा सांगाडा हायड्रोजनच्या वातावरणात भाजतात. राहते ती जवळजवळ ९५ टक्के पोकळी आणि बाकी निकेल. निकेल-मेटल हायड्राइड बॅटऱ्यांसाठी हा फोम मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागला, म्हणून तो आज कॉलेजच्या आवाक्यात आहे.

शीट हातात आल्यावर पहिलं काम म्हणजे वजन. या फोमचं वजन चौरस मीटरला साधारण ३५० ग्रॅम असतं, त्या हिशेबाने आमची शीट २१ ग्रॅमची भरायला हवी होती, आणि काट्यावर तेवढ्याच्या आसपास भरली. आता विचार करा. एकवीस ग्रॅम निकेल धातू म्हणून विकायला गेलं तर पन्नास रुपयेही येणार नाहीत. म्हणजे आपण पैसे मोजतो ते धातूचे नाहीत, त्याला दिलेल्या घडणीचे आहेत. ‘परवडणारा उत्प्रेरक’ म्हटलं की सगळ्यांचं लक्ष धातूच्या भावाकडे जातं. प्लॅटिनम महाग, निकेल स्वस्त, संपलं. प्रकल्पाच्या पहिल्याच आठवड्यात ही समजूत काट्यावर मोडली याचा मला फार आनंद झाला.

दुसरं काम, ते खरंच निकेल आहे का. यापूर्वी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून आलेल्या शीटच्या कापलेल्या कडेला तांबूस झाक होती. आत तांबं, वर निकेलचा पातळ थर. त्यामुळे आता प्रत्येक शीटचा एक कोपरा कापून विरल नायट्रिक आम्लात विरघळवायचा, द्रावण अमोनियाने अल्कधर्मी करायचं आणि त्यात डायमिथाइल ग्लायॉक्सिम टाकायचं असा नियम केला आहे. गुलाबी-लाल साका आला की निकेल. दुसऱ्या परीक्षानळीत पोटॅशिअम फेरोसायनाइड टाकून चॉकलेटी साका येतो का पाहायचं, आला तर तांबं आहे. गुणात्मक विश्लेषणाच्या प्रॅक्टिकलमध्ये मुलं या टेस्ट जर्नलमध्ये मार्कांसाठी उतरवतात. इथे त्याच टेस्टने अडीच हजारांच्या मालाची पारख झाली. प्रिन्सेस स्ट्रीटची शीट या परीक्षेत निर्विवाद पास झाली.

वापरण्याआधी धुणं आवश्यक आहे. दुकानातून आलेल्या फोमवर ऑक्साइडचा थर असतो, आणि मुंबईच्या हवेत, त्यातून पावसाळ्यात, तो वाढतच राहतो. आम्ही ३ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात दहा मिनिटं ठेवतो, मग डिस्टिल्ड वॉटर, मग अल्कोहोल, पुन्हा डिस्टिल्ड वॉटर. आम्ल फिकट हिरवं होतं, ते विरघळलेलं निकेल. ते बेसिनमध्ये ओतू नका, वेगळ्या कॅनमध्ये जमा करा. हातमोजे घालायचे, कारण निकेलने बऱ्याच जणांच्या हाताला खाज सुटते, आणि कापलेल्या कडा बोटात घुसतात. धुतलेला तुकडा त्याच दिवशी वापरायचा.

आता मुख्य प्रयोग. दोन बाय दोन सेंटिमीटरचे दोन तुकडे, एका सेंटिमीटरच्या अंतरावर, १ मोलर पोटॅशिअम हायड्रॉक्साइडमध्ये. हे दोन इलेक्ट्रोड: धन टोकाला जोडलेला तो धनाग्र, तिथे ऑक्सिजन सुटतो, आणि ऋण टोकाला जोडलेला तो ऋणाग्र, तिथे हायड्रोजन. (कॉस्टिक पोटॅशच्या गोळ्यांत साधारण १५ टक्के पाणीच असतं, म्हणून लिटरला ५६ ग्रॅम न घेता ६६ घ्या.) लॅमिंग्टन रोडवरून आणलेला डीसी पॉवर सप्लाय आणि दोन मल्टिमीटर, एक करंटला, एक व्होल्टेजला. व्होल्टेज पॉवर सप्लायच्या डिस्प्लेवर वाचायचं नाही, मल्टिमीटरच्या पिना थेट इलेक्ट्रोडला लावून वाचायचं, कारण वायरी आणि क्रोकोडाइल क्लिप स्वतःच बरंच खातात. करंट ४० मिलिअँपिअरवर धरला, म्हणजे चौरस सेंटिमीटरला १० मिलिअँपिअर. संशोधक उत्प्रेरकांची तुलना बहुतेक वेळा याच आकड्यावर करतात.

पाणी फुटायला तत्त्वतः २५ अंश सेल्सिअसला १.२३ व्होल्ट पुरतात. प्रत्यक्षात कधीच पुरत नाहीत. वरचे जे व्होल्ट लागतात तो अधिविभव, आणि उत्प्रेरकाचं सगळं काम म्हणजे हा अधिविभव खाली आणणं. आमच्या बीकरमध्ये बॅटरीतल्या कार्बनच्या कांड्यांनी २.३ व्होल्टच्याही वर नेलं, शिवाय पाणी काळपट झालं, कारण धनाग्रावरचा कार्बन स्वतःच खाल्ला जातो. नागदेवी स्ट्रीटवरून आणलेल्या स्टेनलेस स्टीलच्या जाळीने २ व्होल्टच्या आसपास. साध्या, धुतलेल्या निकेल फोमने १.८३.

मग लोखंड. लॅमिंग्टन रोडवर सर्किट बोर्ड खरवडायला फेरिक क्लोराइड मिळतं, तेच. पातळ द्रावण केलं, धुतलेला फोमचा तुकडा त्यात अर्धा मिनिट बुडवला, बाहेर काढून भरपूर पाण्याने धुतला. फेरिक क्लोराइड निकेलला थोडं खातं, आणि त्याच जागी निकेल-लोखंडाच्या हायड्रॉक्साइडचा पातळ थर बसतो. तुकड्यावर गंजासारखी पिवळसर झाक येते. तो धनाग्राला लावला, बाकी सगळं तसंच ठेवलं. मल्टिमीटर १.७३ वर स्थिरावला.

१.८३ वरून १.७३. व्होल्टेज वाचणारी मुलगी म्हणाली, “मॅडम, एवढंच?” तिला फळ्यावर हिशेब करून दाखवला, तो इथेही देते. एक किलो हायड्रोजन काढायला दर व्होल्टमागे सुमारे २६.६ युनिट वीज लागते, हे थेट फॅरडेच्या नियमातून येतं (जितका विद्युतभार, तितका वायू). म्हणजे ०.१ व्होल्ट वाचले तर किलोमागे २.६६ युनिट वाचतात. राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला केंद्रीय मंत्रिमंडळाने ४ जानेवारी २०२३ रोजी मंजुरी दिली, तरतूद १९,७४४ कोटी रुपयांची, आणि उद्दिष्ट २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन. पन्नास लाख टनांवर ०.१ व्होल्ट म्हणजे वर्षाला १,३३० कोटी युनिट. फळ्यावर ही संख्या आली तेव्हा वर्गात कोणी बोललं नाही, आणि नंतर सगळे एकदम बोलायला लागले. मला या शीटबद्दल जे प्रेम वाटतं ते यासाठी. अडीच हजारांच्या मालात आणि शंभर-दोनशे रुपयांच्या फेरिक क्लोराइडमध्ये एवढ्या मोठ्या प्रश्नाचा गाभा मुलांच्या हातात येतो. पुस्तकातली आकृती पाहून हे होत नाही, मी वर्षानुवर्षं ती काढून पाहिली आहे.

लोखंडाची ही गोष्ट जुनी आहे आणि मला फार आवडते. निकेलच्या बॅटऱ्या बनवणाऱ्यांना लोखंड नको असायचं, कारण ते मिसळलं की चार्जिंगच्या वेळी बॅटरी नको तेवढा ऑक्सिजन सोडायची. १९८७ मध्ये डेनिस कॉरिगन या संशोधकांनी दाखवलं की निकेल ऑक्साइडमध्ये अगदी थोडं लोखंड गेलं तरी ऑक्सिजन सुटणं कितीतरी सोपं होतं. पुढे २०१४ मध्ये ऑरेगॉन विद्यापीठातल्या शॅनन बोएचर यांच्या गटाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. नुसत्या निकेलचा गुण म्हणून वर्षानुवर्षं जे मोजलं गेलं, त्यातलं बरंचसं कॉस्टिक पोटॅशमध्ये अशुद्धी म्हणून असलेल्या लोखंडाचं काम होतं.

हे आमच्या लॅबमध्ये डोळ्यांसमोर घडलं. लोखंडात न बुडवलेला, साधा निकेल फोमचा तुकडा आम्ही तुलनेसाठी रोज चालवत होतो. त्याचं व्होल्टेज दिवसागणिक थोडं थोडं उतरत गेलं. कोणी काही केलं नव्हतं. कॉस्टिक पोटॅश स्वस्तातलं, एलआर ग्रेडचं (साध्या प्रयोगांसाठीचं) होतं, त्यातलं लोखंड निकेल हळूहळू शोषून घेत होतं. एआर ग्रेडचं (विश्लेषणासाठीचं, जास्त शुद्ध) नवं पोटॅश घेऊन नवा तुकडा लावल्यावर ही उतरण बरीच मंदावली. म्हणून प्रकल्प करणाऱ्यांना कळकळीने सांगते, शीटइतकंच लक्ष पोटॅशच्या बाटलीकडे द्या. बाटलीवर लोखंडाची कमाल मर्यादा छापलेली असते, ती जर्नलमध्ये लिहा. ‘आमचा उत्प्रेरक वापराने सुधारतो’ असं लिहिण्याआधी ही बाटली तपासा.

बुडबुडे पाहून निकाल देऊ नका. फोमच्या छिद्रांतून बारीक बुडबुड्यांचा दाट फवारा उठतो, तो दिसायला सुंदर असतो आणि लोक म्हणतात, बघा किती हायड्रोजन. हायड्रोजन किती सुटणार ते करंट ठरवतो. करंट तोच असेल तर कोणत्याही चांगल्या इलेक्ट्रोडवर वायू तेवढाच सुटतो, फरक पडतो तो किती व्होल्टला सुटतो यात. आम्ही ४०० मिलिअँपिअरवर २५ मिनिटं चालवून मोजपात्रात ऋणाग्रावरचा वायू गोळा केला. लॅबच्या तापमानाला, पाण्याची वाफ धरून, सुमारे ८० मिलिलिटर यायला हवा होता. साध्या फोमवर आणि स्टेनलेसच्या जाळीवर, दोन्हीवर तेवढाच आला, थोडा इकडेतिकडे.

मात्र ४०० मिलिअँपिअरवर आणखी एक गोष्ट समोर येते. एक सेंटिमीटर अंतर आणि १ मोलर द्रावण, एवढ्यातच सव्वा ओहमच्या आसपास रोध असतो. म्हणजे अर्धा व्होल्ट नुसता पाण्यातच जातो आणि दोष मात्र उत्प्रेरकाच्या माथी येतो. कारखान्यात यासाठी २५ ते ३० टक्के पोटॅश, ७० ते ९० अंश तापमान आणि मध्ये पातळ पडदा ठेवून इलेक्ट्रोड त्याला चिकटवलेले असतात. कॉलेजात हे जमत नाही, म्हणून तुलना कमी करंटवरच करा आणि अंतर प्रत्येक वेळी मोजून तेच ठेवा. आमच्या लॅबमधल्या काकांनी ॲक्रिलिकच्या तुकड्यात दोन खाचा पाडून इलेक्ट्रोड धरायची चौकट करून दिली. सगळ्या रीडिंगमध्ये जो एकसारखेपणा आला त्याचं श्रेय त्या चौकटीचं, म्हणजे काकांचं.

इतका खटाटोप कशासाठी, तर दुसऱ्या वाटेला इरिडिअम उभं आहे म्हणून. इलेक्ट्रोलायझर म्हणजे विजेने पाणी फोडणारं यंत्र. त्याच्या पीईएम (प्रोटॉन जाऊ देणाऱ्या पडद्याच्या) प्रकारात पडदा आम्लधर्मी असतो, त्यात निकेल, लोखंड विरघळून जातात. तिथे ऑक्सिजनच्या बाजूला इरिडिअम आणि हायड्रोजनच्या बाजूला प्लॅटिनम लागतं. इरिडिअम जगभरात वर्षाला सात-आठ टनांच्या आसपासच निघतं, तेही बहुतेक दक्षिण आफ्रिकेत, प्लॅटिनमच्या खाणींतून जोडीला. कोणी कितीही पैसे दिले तरी इरिडिअम हवं तेवढं वाढवता येत नाही. अल्कधर्मी पद्धतीत निकेल चालतं, म्हणून ही साधी राखाडी शीट महत्त्वाची. आमच्या वर्गात चेंबूरहून येणारी मुलं आहेत. त्यांच्या घराजवळ माहुलच्या रिफायनऱ्या आहेत, आरसीएफचा खताचा कारखाना आहे, आणि तिथे हायड्रोजन ही रोजची गरज आहे. नैसर्गिक वायूपासून एक किलो हायड्रोजन करताना नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, आणि आपल्या सरकारने २०२३ मध्ये हरित हायड्रोजनची मर्यादा ठरवली ती दोन किलोंची. या मुलांना विषयाचं महत्त्व मी वेगळं सांगायची गरज पडली नाही.

ऋणाग्राच्या बाजूला, म्हणजे जिथे हायड्रोजन सुटतो तिथे, साधा फोम मध्यमच आहे. प्लॅटिनम तिथे श्रेष्ठ, कारण हायड्रोजनचा अणू त्याला ना फार घट्ट चिकटतो ना फार सैल. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल साबात्ये यांचं तत्त्व हेच सांगतं, आणि त्यांना १९१२ चं नोबेल मिळालं. निकेल एकट्याने ही मजल गाठत नाही, पण मॉलिब्डेनमच्या जोडीने बरंच जवळ जातं. निकेल सल्फेट, सोडियम मॉलिब्डेट आणि सोडियम सायट्रेटच्या बाथमध्ये फोमवर आम्ही हा मुलामा चढवला. मॉलिब्डेनम पाण्यातून एकटं कधी चढत नाही, निकेल, लोखंड किंवा कोबाल्ट सोबत असेल तरच चढतं, हे पाहून मुलं चकित झाली. व्होल्टेज चांगलं खाली आलं. पण हा मुलामा टिकला नाही. संध्याकाळी लॅब बंद होताना करंट बंद, सकाळी पुन्हा चालू, असं होत राहिल्यावर तो फिका पडत गेला. करंट बंद असताना पोटॅशमध्ये मॉलिब्डेनम हळूहळू विरघळतं. सोलर पॅनलवर चालणाऱ्या इलेक्ट्रोलायझरचंही सूर्यास्तानंतर हेच होणार, म्हणून ही परीक्षा मला चार तासांच्या सलग आलेखापेक्षा जास्त मोलाची वाटते. लोखंडाचा थर त्या मानाने बरा टिकला. त्यातलंही लोखंड हळूहळू सुटतं, पण द्रावणात थोडं लोखंड असेल तर गेलेल्याच्या जागी नवं येऊन बसतं.

ऋणाग्र तपासताना समोर प्लॅटिनमची तार लावू नका, हे आमच्या लॅबमध्ये मी भिंतीवर लिहून ठेवलं आहे. धनाग्र झालेलं प्लॅटिनम कणाकणाने विरघळतं आणि समोरच्या तुकड्यावर जाऊन बसतं, मग स्वस्तातला उत्प्रेरक प्लॅटिनमसारखा वागायला लागतो. समोर ग्राफाइट किंवा निकेलच लावा.

स्टेनलेसच्या जाळीबद्दलही सांगायला हवं, कारण ती फोमच्या मानाने अगदी कमी पैशांत येते आणि पुष्कळ मुलं तिथेच थांबतात. धनाग्रासाठी ती खरोखर चांगली आहे, पोलादातलं लोखंड आणि निकेल मिळून काम करतात. पण तिच्यात क्रोमिअम असतं, आणि धनाग्रावर ते क्रोमेट होऊन पाण्यात उतरतं. पाणी पिवळं दिसायला लागलं की ते षट्संयुजी क्रोमिअम, कर्करोग घडवणारं. शाळेतल्या मुलांच्या हातात स्टेनलेसचे चमचे आणि मिठाचं पाणी देऊन हायड्रोजन दाखवणारे व्हिडिओ फिरतात, ते पाहून माझा जीव खालीवर होतो. मिठाने क्लोरीनही सुटतो. मुंबईत समुद्र दारात असल्यामुळे ‘समुद्राचंच पाणी का नाही’ हा प्रश्न दर वर्षी येतो, त्याचंही निम्मं उत्तर हा क्लोरीन आहे. स्टेनलेस वापरायचीच तर ऋणाग्राला वापरा आणि तिच्यावर निकेलचा मुलामा चढवा. मोठ्या अल्कधर्मी इलेक्ट्रोलायझरमध्येही निकेल चढवलेलं पोलाद वापरतातच.

आणि हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन कुठल्याही प्रमाणात असला तरी पेट घेतो. एका बीकरमध्ये दोन्ही वायू एकत्र होतात, म्हणून झाकण नको, खिडक्या उघड्या, चष्मा डोळ्यांवर, आणि साठवण तर नकोच.

शीटच्या खोडी. दोनदा वाकवली की तडकते. क्लिप लावतो तिथे चेपते, म्हणून वरचा एक सेंटिमीटर जास्तीचा ठेवून तिथे निकेलची पट्टी दाबून बसवा, क्लिप पट्टीला लावा. क्लिप पोटॅशमध्ये बुडता कामा नये, नाहीतर तिचं तांबं द्रावणात उतरतं. चार चौरस सेंटिमीटर म्हणून आपण जे लिहितो ते फक्त बाहेरचं माप आहे, आतल्या छिद्रांच्या भिंती धरल्या तर खरं क्षेत्रफळ कितीतरी जास्त आहे. सपाट पत्र्याशी फोमची तुलना करून ‘निकेलपेक्षा निकेल सरस’ असे निष्कर्ष काढणारे अहवाल मी परीक्षक म्हणून वाचले आहेत. फोमची तुलना फोमशीच करायची.

दुकानाच्या सेवेबद्दल थोडं. काउंटरवरच्या काकांनी शीट उलगडून दाखवली, मायक्रोमीटर मागितला तर आतून आणून दिला, आणि मी खडे प्रश्न विचारत असताना मागे रांग लागली तरी घाई केली नाही. “मॅडम, कॉलेजचं बिल करायचं का?” हे त्यांनी स्वतःहून विचारलं, लेटरहेड दिल्यावर कोटेशन दुसऱ्या दिवशी आलं. विश्लेषण प्रमाणपत्र मात्र मागूनही मिळालं नाही, लेबलवर ‘९९.९ टक्के शुद्ध’ एवढंच. कोणत्या लॉटचा माल, किती लोखंड, किती कोबाल्ट, काही नाही. लोखंडाचा एवढा परिणाम पाहिल्यावर हे खटकतं. प्रकल्पापुरतं चालेल, पण शोधनिबंधासाठी आकडे काढायचे असतील तर आधी प्रमाणपत्र आणि मगच माल. भावही त्याच दिवशी विचारा, जुन्या कोटेशनवर विसंबू नका. मार्च २०२२ मध्ये लंडनच्या बाजारात निकेलने टनाला एक लाख डॉलरची पातळी ओलांडली आणि व्यवहार थांबवावे लागले होते. शीटमध्ये धातू थोडा असला तरी विक्रेते त्या हेलकाव्यांचं कारण सांगतातच.

शीट आली की लगेच तिचे चार भाग करून सीलबंद पिशव्यांत सिलिका जेलसह ठेवा. आम्ही एक भाग मुद्दाम उघडा ठेवला होता, जुलैअखेर त्याचा रंग बदलला आणि धुऊनही पहिली रीडिंग जमून आली नाहीत. दोन बाय दोनचे तुकडे, वाया जाणारी कड आणि क्लिपसाठीची जास्तीची जागा धरूनही एका शीटमधून नव्वद-शंभर निघतात. चार-पाच जणांच्या गटाला वर्षभर पुरून उरतात. शेजारच्या कॉलेजच्या सरांनी विचारलं तेव्हा आम्ही वीस तुकडे त्यांना दिले. दोन कॉलेजांनी मिळून एक शीट घेतली तरी हरकत नाही.

पवईच्या आयआयटीत चंद्रमौली सुब्रमण्यम यांच्या गटाने कोबाल्ट ऑक्साइडच्या उत्प्रेरकाजवळ चुंबक ठेवून हायड्रोजन जास्त वेगाने सुटतो हे दाखवलं आहे. आमच्या पुढच्या तुकडीने ते वाचलं आणि कोबाल्ट नायट्रेटची मागणी आताच यादीत घातली. निकेल स्वतः चुंबकाला ओढलं जातं, त्यामुळे फोमवर कोबाल्ट चढवून चुंबक जवळ नेला तर फरक कोबाल्टचा की फोमचा, हे वेगळं करणं अवघड जाईल. त्यासाठी कार्बन पेपर किंवा कार्बन कापड लागेल. ते प्रिन्सेस स्ट्रीटला मिळालं नाही. कोणाला मुंबईत कापून, थोडं थोडं देणारं दुकान माहीत असेल तर खाली लिहा, जाडी आणि भावासकट.